सुकाणू कोणाच्या हाती?

अमेरिकेतील बोस्टनच्या बंदरात कामाचे तास संपल्यावर निरनिराळ्या कंपन्यांचे संघ शिडाच्या होड्यांच्या साखळी शर्यती खेळतात. सुकाणू कारकुनाच्या हाती आणि शिडाचा दोर त्याच्या वरिष्ठाच्या हाती, असेही तेथे घडू शकते. ‘आपण सारे एकाच होडीतले’ हा मालकवर्गाचा लाडका उपदेश त्यातून आपोआप पसरतो.

खेळाला विरोध करण्याचे कारण नाही. वारा कोणाचा हुद्दा पाहत नाही, आणि समुद्राचा आनंद श्रमिकाला वर्ज्य का असावा? प्रश्न आहे तो फुरसतीचा. ही मोकळी सायंकाळ कोणी मिळवून दिली? सरकारी कामगारांसाठी आठ तासांच्या दिवसाचा कायदा अमेरिकेत १८६८ साली झाला, तो कामगार चळवळीच्या रेट्यामुळे. याच बंदरातील चार्ल्सटाउनच्या नौदल गोदीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ५०,००० कामगार राबत होते. १९७४ साली ती गोदी बंद झाली. खासगी नोकरांना पगारी वार्षिक रजेची हमी देणारा केंद्रीय कायदा तर त्या धनाढ्य देशात आजही नाही.

म्हणूनच कंपनीने मेहेरबानी म्हणून दिलेली होडी आणि लढून मिळविलेली फुरसत यांतील भेद विसरता कामा नये. शर्यतीत कारकुनाचा शब्द चालतो. पण कामाचे तास, पगार आणि नोकरकपात ठरविताना त्याला कोण विचारतो? तेथे त्याचा शब्द चालावयाचा तर संघटनाच हवी. बंदर साऱ्या शहराचे आहे. तेथील सायंकाळही कष्टकऱ्याला कंपनीचा नोकर म्हणून नव्हे, नागरिक म्हणून मिळाली पाहिजे.