आधी राखण, मग पाहुणचार

भोकरदन तालुक्यातल्या आपल्या पिंपळगाव रेणुकाईचे नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते मिरचीमुळे. हंगामात बाजार भरला की गोण्यांच्या थप्प्या, काट्याभोवतीची लगबग, परप्रांतात निघालेले ट्रक आणि नुसत्या वासाने लागणारा ठसका. माल इथून दूरदूर जातो, पण बाहेरचा माणूस गाव पाहायला म्हणून क्वचितच येतो. जगभरचे प्रवासी अजिंठ्यापर्यंत येतात आणि लेणी पाहून माघारी फिरतात. त्यातले भोकरदन तालुक्याच्या वाट्याला काही येत नाही, ही खंत आपण वर्षानुवर्षे बोलून दाखवतो. यंदाचा अंक प्रवासाला वाहिलेला आहे, म्हणून त्या खंतीबद्दल थोडे स्पष्ट लिहितो.

त्याआधी पाहुणे येऊ लागलेल्या एका गावाकडे पाहू. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात आणि ती अंडी सर्रास चोरली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये तिथे काम सुरू केले. गावातलीच माणसे राखणीला घेतली. ती रात्री किनारा पालथा घालत, घरटी शोधत आणि अंडी कुंपणाआड वाळूत पुन्हा पुरत. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात. घरट्यावरची टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची. खाली तळहातात मावतील एवढी काळसर पिल्ले वळवळत असली, तर त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडायचे. पुढची वाट ती स्वतःच चालतात.

ही पिल्ले पाहायला लोकांना बोलावणारा कासव महोत्सव सुरू झाला तो यानंतर काही वर्षांनी. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, घरचेच जेवू लागले आणि त्यांनी मोजलेले पैसे त्या घरात राहिले. आधी राखण, मग पाहुणे, हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. गरीब देशांत पर्यटन पुष्कळ ठिकाणी पोचले; पण हॉटेल बाहेरच्याचे, गाडी बाहेरच्याची, आणि गावाला उरला तो कचरा. नेपाळमध्ये अन्नपूर्णेच्या परिसरात १९८६ पासून एका न्यासाने वेगळी घडी बसवली: डोंगर चढणाऱ्यांकडून घेतलेले शुल्क त्याच खोऱ्यांच्या संवर्धनासाठी आणि विकासासाठी वापरायचे. स्वयंसेवी संस्थेचे खरे काम इथे आहे. तिने पाहुणे आणून द्यावेत, ही अपेक्षा चुकीची आहे. तिने गावाला राखण शिकवावी, हिशेब शिकवावा आणि गाव तयार झाले की बाजूला व्हावे.

आता आपल्या तालुक्याकडे पाहा. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या उत्खननात इथे सातवाहन काळाचे अवशेष निघाले; इथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीचे साम्य थेट इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी आहे. केळणा नदीच्या काठी खडकात कोरलेली लेणी आहेत. एवढे असून आपल्या शाळेतल्या किती मुलांना हे सांगता येईल? गावाला ज्या जागेची ओळख नाही, तिथे परक्या माणसाने वाट वाकडी करून का यावे?

म्हणून स्वागतकमानीसाठी निधी मागण्याची घाई आम्हाला मान्य नाही. आधी लेण्यांचा परिसर स्वच्छ राहू दे. दहा-बारा मुलामुलींना तिथला इतिहास नीट सांगता येऊ दे. चार घरांनी पाहुण्याला भाकरी, ठेचा आणि स्वच्छ अंथरूण देण्याची तयारी करावी, आणि त्याचा जमाखर्च ग्रामसभेत वाचला जावा. एवढे झाल्यावर एखाद्या संस्थेकडे मदत मागायला आपल्याला संकोच वाटणार नाही, आणि तिलाही आपल्याबरोबर काय करायचे ते कळेल.

वाचकांनी आपापल्या गावातली अशी एकेक जागा, तिची आजची अवस्था आणि राखणीला तयार असणाऱ्यांची नावे आम्हाला कळवावीत. पुढच्या दिवाळी अंकात त्यांच्यासाठी पाने राखून ठेवत आहोत.