पाचशे माणसांची देग चालते, दोघांची कढई का नाही?

नाशिकमध्ये ‘रोमँटिक डिनर’ असं मोबाइलवर शोधलं की आधी वायनरी येतात. द्राक्षमळ्यातलं टेबल, मेणबत्त्या, ग्लास. आपल्यातल्या बहुतेकांचा तो रस्ता वाइनपाशीच संपतो. मग राहतात कॉलेज रोड आणि गंगापूर रोडची हॉटेलं. तिथे शनिवारी रात्री टेबलासाठी ताटकळायचं, आणि बिल आलं की दोघांनी एकमेकांकडे बघून हसायचं. यातलं काही वाईट नाही. पण बायकोला एक संध्याकाळ खूश करायची असेल तर नवऱ्याने घरीच दोन माणसांचं जेवण बनवावं, हे आपल्या मुलांना सहसा सुचत नाही. सुचलं तरी लाज वाटते.

या लाजेचं मला नवल वाटतं. जुन्या नाशकात निकाहचा खाना कोण शिजवतो? पुरुष. पाचशे माणसांची देग, लाकडाची आच, दम कधी द्यायचा, मीठ किती, सगळं त्याच्या अंदाजावर. बावर्चीच्या हाताला चव असली की लोक त्याची तारीख बघून हॉल बुक करतात. दूध बाजार, चौक मंडईकडे रमजानमध्ये चक्कर मारा. सीखेवर खिमा चढवणारा पुरुष, तंदूरमध्ये हात घालणारा पुरुष, बेकरीच्या भट्टीसमोरही पुरुषच. पावसाळ्यात त्र्यंबक रोडला मित्रांची ट्रिप निघाली की दगडांची चूल मांडून मटण कोण करतं, तेही आठवा. तिथे कुणाची मर्दानगी कमी होत नाही. घरच्या गॅससमोर उभं राहिलं की मात्र लगेच ‘जोरू का गुलाम’. म्हणजे आपला आक्षेप स्वयंपाकाला नाहीच. जो फुकट आणि रोज करावा लागतो, त्या स्वयंपाकाला आहे.

रोजचा म्हणजे किती, हे केंद्र सरकारने २०१९ मध्ये मोजलं. वेळेच्या वापराच्या त्या देशभरातल्या पाहणीत सहा वर्षांवरच्या ८१.२ टक्के स्त्रिया बिनपगारी घरकाम करताना आढळल्या, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. हे सगळ्या धर्मांचं मिळून आहे, आणि आपण त्यात वेगळे असू असं मानायला मला कारण दिसत नाही.

दीनदार मित्र यावर म्हणतात की प्रत्येकाची जबाबदारी ठरलेली आहे. ठीक. पण पैगंबर (स.) घरी काय करायचे, असं हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही रिवायत सहीह बुखारीत आहे. बायकोच्या तोंडी घातलेल्या घासाचंही सवाब मिळतं, हेही तिथेच येतं. दाढी, मिसवाक, उजवा हात या सुन्नतींवर आपल्या ग्रुपांत रात्रभर चर्चा चालते. ही सुन्नत फॉरवर्ड झालेली मी फारशी पाहिली नाही.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत बोलतो. आमच्याकडे ‘ऑन-कॉल’ असतो. ज्याची पाळी असते त्याने लॅपटॉप उघडला नाही तरी तो सुटीवर नसतो, कारण डोक्याचा एक कोपरा सतत फोनकडे असतो. घरातली बाई वर्षभर ऑन-कॉल असते. दूध संपलं का, पीठ किती उरलंय, अब्बांची गोळी जेवणाआधी की नंतर. तुम्ही कढईत चमचा फिरवताय आणि दर दोन मिनिटांनी हाक मारताय, “अगं, जिरं कुठेय?” तर पाळी अजून तिचीच चालू आहे. म्हणून जिरं आदल्या दिवशीच शोधून ठेवा. बाजार तुम्ही करा. काय बनवायचं तेही तुम्हीच ठरवा. हा ठरवण्याचाच तिला खरा कंटाळा आलेला असतो.

पदार्थ साधा घ्या, बिर्याणीच्या वाटेला जाऊ नका. अर्धा किलो चिकनला एक वाटी दही, चमचाभर आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून तासभर ठेवा. दोन कांदे बारीक उभे चिरून तेलात सोनेरी करा, सोबत दोन वेलच्या आणि चार लवंगा. चिकन टाकून पाच मिनिटं मोठ्या आचेवर हलवत राहा, नाहीतर दही फाटतं. मग झाकण लावून मंद आचेवर पंचवीस मिनिटं. पाणी घालायचं नाही, चिकनचं आणि दह्याचं सुटतं तेवढं पुरतं. वर कोथिंबीर-पुदिना. सोबत मोकळा भात आणि कचुंबर. चपात्यांच्या भानगडीत पडू नका, जवळच्या तंदूरवरून गरम नान आणा. गोडाला, हंगाम असेल तर द्राक्षं. मळ्यात गेलो नाही तरी द्राक्षं आपलीच आहेत.

खरी अडचण वेगळीच आहे. दोन खोल्यांत सहा माणसं, त्यात ‘दोघांचं जेवण’ कुठे मांडणार? अम्मी बाहेरच्या खोलीत टीव्ही बघतायत आणि मुलगा बायकोसाठी कांदा चिरतोय, हे दृश्य आपल्या बऱ्याच घरांत अजून पचत नाही. त्याची बोलणी पुन्हा सुनेलाच बसतात. म्हणून पहिल्यांदा सगळ्यांसाठी बनवा. अम्मींनाही त्या दिवशी दस्तरखानावर आधी बसवा. त्यांनी चाळीस वर्षं शेवटी बसून जेवलंय, त्यांना ते लक्षात येईल. त्यांचं जेवण उरकलं की तुमच्या दोघांच्या प्लेटा गच्चीवर न्या. वाड्यात गच्ची नसेल तर मुलं झोपल्यावर स्वयंपाकघराच्या फरशीवर चादर अंथरा. दिवा बंद करून खिडकीतून येणाऱ्या रस्त्याच्या उजेडात बसलं तरी चालतं, मेणबत्तीच हवी असं नाही.

काही बायकांना नवऱ्याने किचनमध्ये शिरलेलं आवडत नाही, हेही खरं. घरात तेवढी एकच जागा तिच्या हुकमाची असते आणि तुम्ही तिथेही डबे उलटेपालटे करणार. आधी विचारा. ती नको म्हणाली तर तिला काय हवंय ते ऐका. कदाचित तिला फक्त दोन तास माहेरी जाऊन यायचं असेल, मुलांना तुमच्याकडे सोडून.

आणि ती हो म्हणाली, जेवण झालं, ती हसली, तुम्ही स्टेटसला फोटोही टाकलात, तरी झोपायच्या आधी भांडी घासा. दह्याचा मसाला रात्रभर कढईत वाळला की सकाळी तारेच्या घासणीनेही लवकर निघत नाही. आणि सकाळी सिंकपाशी सगळ्यात आधी कोण जातं, ते तुम्हाला माहीत आहे.