थांबा, उत्तर सांगू नका!



या वेळी आमच्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. छोट्या गटात अंक चालू होते. अठ्ठावीसपर्यंत गाडी धक्के खात का होईना, पण आली आणि एकोणतीसवर अडली. आठ वर्षांच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "काकू, व्हाय नॉट वीस-नऊ?" वर्ग सुटायला दहा मिनिटे उरली होती आणि आम्हाला चाळीसपर्यंत पोचायचे होते. आम्ही म्हणालो, "अरे, तसंच म्हणतात. पाठ कर." त्याने हात खाली घेतला. आम्ही चाळीसपर्यंत पोचलो खरे, पण तो मुलगा उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत होता.

त्या दिवशी खुर्च्या जागेवर लावताना आम्हा शिक्षकांत हाच विषय निघाला. आमच्यापैकी कोणालाही त्याचे उत्तर नीट ठाऊक नव्हते. म्हणजे उत्तर माहीत नाही हे झाकण्यासाठी आम्ही "पाठ कर" म्हणालो होतो!

पुढच्या रविवारी आम्ही पुस्तक उघडलेच नाही. एक ते शंभर अंक अक्षरांत लिहिलेली पाने जमिनीवर पसरली आणि मुलांना सांगितले, "यात एक गंमत लपली आहे. शोधा. आम्ही काही सांगणार नाही." पहिली पाच मिनिटे नुसता गोंधळ. मग कोणीतरी एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी पाने एका ओळीत लावली. "नऊ आला की एकोण येतं," एक जण म्हणाला. "पण मग पुढे तीस का? हा तर ट्वेंटी-नाइन आहे ना?" दुसऱ्याने विचारले. थोडा वेळ सगळे गप्प. आणि मग तोच खिडकीबाहेर बघणारा मुलगा ओरडला, "तीसला एक कमी आहे!" एकोणनव्वदपर्यंत सगळी पाने त्याच्या नियमात बसली. तेवढ्यात एका मुलीने शेवटचे पान उचलले. "नव्याण्णव चीटिंग करतो. तो एकोणशंभर पाहिजे."

पंचवीस मिनिटे गेली होती. त्या पंचवीस मिनिटांत एकानेही खाऊची सुट्टी कधी होणार हे विचारले नाही.

त्या मुलीने घरी जाऊन सांगलीच्या आजोबांना फोन लावला. आजोबांनी सांगितले की 'एकोण' म्हणजे 'एक ऊन', आणि ऊन म्हणजे कमी. नव्याण्णव मात्र संस्कृतातल्या 'नवनवति'वरून आला, म्हणजे नव्वद आणि वर नऊ. हे उत्तर तिने पुढच्या रविवारी वर्गाला ज्या थाटात सांगितले, तो थाट आम्हाला कधी जमणार नाही. नव्याण्णव हा शब्द आता त्या गटातले कोणीही विसरणार नाही.

पालकहो, त्या मुलाचा प्रश्न बालिश होता असे समजू नका. २०१९ साली महाराष्ट्रात नेमक्या याच प्रश्नावरून केवढा वाद झाला होता! बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचनही दिले होते. वर्तमानपत्रांतून टीका झाली, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांचे म्हणणे असे की जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे लहान मुलांना हे शब्द जड जातात. त्यांचे बरोबर की चूक, यावर आमच्या शिक्षकांतही दोन तट आहेत. पण जो प्रश्न थोर गणितज्ञांना पडतो, तो आमच्या वर्गातल्या आठ वर्षांच्या मुलाला पडला आणि आम्ही त्याला गप्प बसवले, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

नारळीकरांच्या घरातलीच आणखी एक गोष्ट सांगतो. मंगलाताईंचे पती, खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचे बालपण बनारसला गेले. वडील तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. घरात मुलांसाठी फळा होता. शिकायला आलेला त्यांचा मोरूमामा त्या फळ्यावर एखादे अवघड गणित लिहून ठेवायचा आणि वर लिहायचा, हे आव्हान जयंतासाठी आहे. ते गणित सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत फळ्यावर तसेच राहायचे. येता-जाता, जेवायला बसताना, डोळ्यांसमोर तेच. नारळीकरांनी आपल्या आठवणींत हे सांगितले आहे. पुढे ते केंब्रिजला गेले, रँग्लर झाले, पुण्यात आयुका उभी केली. स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवीन. २०२५ साली ते गेले, तेव्हा अशी पोस्टकार्डे जपून ठेवलेल्या कितीतरी माणसांना त्यांची आठवण आली असेल.

मोरूमामाने दोनच गोष्टी दिल्या: एक प्रश्न आणि हवा तेवढा वेळ. उत्तर दिले नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की मुलांना शिकवताना आपण नेमके याच्या उलट करतो. उत्तर लगेच देतो आणि वेळ काही देत नाही.

आपल्या घरांत डोकावून पाहा. "मन लावून अभ्यास कर" हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हटले जाते? आणि मूल खरोखर मन लावून काही करत असते तेव्हा आपण काय करतो? अंगणातल्या मुंग्यांची रांग बघत ते उकिडवे बसलेले असते, हाक ऐकू येत नाही इतकी तंद्री लागलेली असते, आणि आपण दारातून ओरडतो, "चल लवकर, स्विमिंगला उशीर होतोय!" एकाग्रता हवी म्हणून आपण क्लास लावतो, आणि ती आपल्या पायांनी घरात आली की तिला हाकलून देतो. हे आम्ही दुसऱ्या कोणाला सांगत नाही. आम्हीही पालकच आहोत, आणि गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभे राहून ओरडणाऱ्यांत आमचाही नंबर वरचा आहे.

आता दुसरी बाजू. काही पालकांनी आम्हाला स्पष्टच विचारले, "आम्ही पाऊण तास गाडी चालवून येतो, आठवड्यातून दोनच तास वर्ग असतो. त्यात अर्धा तास पाने पसरून बसलात तर मुलं वाचायला कधी शिकणार?" रास्त प्रश्न आहे. सिलेक्टिव्ह स्कूलच्या परीक्षेचे कोचिंग याच शनिवार-रविवारी असते, आणि तिथे दर आठवड्याला मार्क कळतात. इथे काय कळते?

आमचे उत्तर असे. पाठांतराला आम्ही नावे ठेवत नाही. बाराखडी पाठ हवी, पाढे पाठ हवेत. नुसते कुतूहलही पुरत नाही. गाडीत दहा प्रश्न विचारणारे आणि एकाही उत्तरासाठी न थांबणारे मूल आपण सगळ्यांनी पाहिले आहे. शिवाय आता प्रश्न तोंडातून निघायच्या आत फोन उत्तर देतो. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खाते ठेवता येत नाही. कायद्याने खाते बंद होईल, पण मन लावायला कायदा शिकवत नाही. ते घरी आणि वर्गातच शिकावे लागते. कुतूहल आणि चिकाटी एकत्र आली तर काय होते, हे पाहायचे असेल तर देवळालीच्या एका शाळामास्तरांची गोष्ट ऐका.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत राहिले. त्यापुढची पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, संगणक तर नाहीच. आकड्यांशी खेळणे हा त्यांचा छंद. काही विद्वान त्यांच्या या खेळाला फारशी किंमत देत नसत. १९४९ साली त्यांनी एक शोध मांडला, आणि तो तुम्ही आज घरी करून पाहू शकता. आपल्या देशात तर त्याची फारच छान सोय आहे, कारण इथला पोस्टकोड चार आकडी असतो!

बालमित्रांनो, घ्या पेन्सिल. पॅरामॅटा आणि हॅरिस पार्कचा पोस्टकोड २१५०. यातले आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा: ५२१०. मग उलट मांडा: ०१२५. मोठ्यातून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा.

५२१० − ०१२५ = ५०८५
८५५० − ०५५८ = ७९९२
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ चे करून पाहा: ७६४१ − १४६७ = ६१७४. पुन्हा तेच! इथून बाहेर पडायला वाटच नाही. मेलबर्नचा ३००० घ्या, सिडनीचा २००० घ्या, शेवटी गाठ ६१७४ शीच. जास्तीत जास्त सात पायऱ्या, त्याहून अधिक कधीच लागत नाहीत. फक्त चारही आकडे सारखे असले तर जमत नाही. त्यामुळे सिडनीतल्या पेन्शर्स्टच्या मुलांनी रागावू नये. त्यांचा पोस्टकोड २२२२ आहे, आणि त्याचे पहिल्याच पायरीला शून्य होते!

या ६१७४ ला आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात कापरेकरांच्या शोधांबद्दल लिहिले आणि जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. विचार करा, कागदावर एकामागून एक वजाबाक्या करत बसलेले ते मास्तर. असे केले तर काय होईल, हे कुतूहल पहिल्या वजाबाकीला पुरते. शंभराव्या वजाबाकीला बसून राहायचे तर मन त्यात बुडावे लागते. आणि वजाबाकी बिनचूक यावी लागते, ती आधी घोकूनच येते. म्हणून आम्ही म्हणतो, पाठांतर हवेच, पण ते कशासाठी हे मुलाला ठाऊक हवे.

शेवटी आमच्या मनातली खरी काळजी सांगतो. आपल्या बहुतेक घरांत मराठी ही हुकमाची भाषा झाली आहे. "जेवायला ये." "हात धू." "आजीला नमस्कार कर." मुलाला 'का' विचारायचे असते तेव्हा ते इंग्रजीत विचारते, आणि आपणही इंग्रजीतच उत्तर देतो. बारा-तेरा वर्षांची झाली की मुले वर्ग सोडतात, आणि आपण म्हणतो, त्यांना आवड नाही. पण हुकमाची भाषा कोणाला आवडेल? ज्या भाषेत मुलाने एकदा तरी स्वतःचा प्रश्न विचारला आहे, त्याच्यामागे लागून उत्तर मिळवले आहे, ती भाषा त्याची होते. "नव्याण्णव चीटिंग करतो" या वाक्यात एक शब्द इंग्रजी होता खरा, पण त्या क्षणी ती मुलगी मराठीत विचार करत होती. आमच्यासाठी ती पंचवीस मिनिटे वर्षभराच्या शुद्धलेखनापेक्षा मोलाची होती.

म्हणून आम्ही ठरवले आहे की पुढच्या टर्मपासून प्रत्येक वर्गात पंचवीस मिनिटे एकाच प्रश्नाला द्यायची. त्यापायी पुस्तकाची दोन पाने मागे राहिली तर ती घरी करून घ्यावीत. पालकांनाही विनंती आहे. फ्रिजवर एक कोरा कागद लावा. मुलाने काही विचारले की लगेच उत्तर देऊ नका, फोनही काढू नका. "तुला काय वाटतं?" एवढे मराठीत विचारा आणि प्रश्न कागदावर लिहून ठेवा. आठवडाभर राहू दे तिथे. तुम्हाला उत्तर येत नसेल तर फारच उत्तम, दोघे मिळून शोधा. भारतात आजी-आजोबा आहेतच, त्यांना "कसे आहात, बरे आहात ना" यापलीकडे काही विचारले तर त्यांनाही बरे वाटेल.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी फळ्यावर हे आव्हान: चार आकड्यांऐवजी तीन आकडी संख्या घेतली तर काय होते? दोन आकडी घेतली तर? करून बघा आणि वर्गात येऊन सांगा. उत्तर आम्ही पुढच्या अंकातही छापणार नाही.

आणि आई-बाबांनो, तुम्हाला आधी सापडले तर कृपा करून गप्प बसा!

– आपले, वर्गाचे शिक्षक