शोधणाऱ्याच्या शब्दांत

ज्या काळी जिल्ह्याच्या गावी पदवी हाती पडताच तरुणाने प्रथम सेवायोजन कार्यालयाची पायरी चढावी, तेथील कारकुनापुढे दाखल्यांच्या नकला मांडाव्यात, आणि मिळालेले नोंदणीचे कार्ड घरच्या दस्तऐवजांबरोबर ट्रंकेत जपून ठेवावे, त्या काळात माझी पिढी वाढली. मालकांनी रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवाव्यात असे बंधन 1959 च्या कायद्याने घातलेले होते, आणि कार्यालय नावे पाठवी ती बहुधा नोंदणीच्या ज्येष्ठतेने. कार्ड जितके जुने तितका हक्क वरचा; मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण तेवढे चुकवायचे नाही. प्रतीक्षा हीच उमेदवाराची पुंजी होती.

तीच समजूत माझ्या भाचीने, तिच्याही नकळत, वारशाने घेतलेली मला आढळली. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन भोसरीच्या एका कारखान्यात सुट्या भागांच्या तपासणीचे काम चार वर्षे केलेल्या या मुलीने आपला बायोडेटा नोकरी डॉट कॉमवर चढवला आणि आठ महिने ती स्वस्थ राहिली. कोणाचा निरोप आला नाही. आपल्यात काही उणे असावे असे तिला वाटू लागले, आणि तिचे ते खिन्न होणे पाहून मी चाकणला नोकरभरतीच्या कामात दीर्घकाळ घालवलेल्या एका स्नेह्याकडे गेलो.

त्यांनी मला शेजारी बसवून जे दाखवले ते उमेदवाराच्या दृष्टीस कधी पडत नाही. 1997 साली सुरू झालेल्या या संकेतस्थळाची जाहिरातींची बाजू सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तिच्या मागे बायोडेटांचे एक अफाट दफ्तर असून त्यात शोध घेण्याची मुभा मालक पैसे मोजून विकत घेतात. माझ्या स्नेह्यांनी कामाचे नाव, अनुभवाची वर्षे, गाव, पगाराची अपेक्षा, नोटीस पीरियड असे एकेक कलम भरले, आणि शेवटी, गेल्या तीस दिवसांत ज्यांनी आपल्या खात्याकडे फिरकून पाहिले आहे तेवढेच उमेदवार दाखवावेत, असे फर्मावले. त्या एका अटीसरशी यादी झपाट्याने आखडली. माझ्या भाचीसारखी, नाव घालून शांतपणे वाट पाहणारी सारी माणसे त्या क्षणी बाहेर पडली, आणि त्यांना कोणी नाकारले असेही म्हणता येत नाही, कारण त्यांचा कागद कोणी उघडलाच नव्हता. जुन्या कचेरीत ज्येष्ठतेने वर चढणारे नाव येथे त्याच ज्येष्ठतेने तळाशी जाते, ही गोष्ट तरुणांना शाळा-कॉलेजांतून कोणी सांगत नाही याचे मला अतोनात दुःख वाटते.

मग आम्ही तिचा बायोडेटा काढला. मथळ्यात लिहिले होते, ‘मेहनती व प्रामाणिक, योग्य संधीच्या शोधात’. आणि कामाच्या रकान्यात, ‘क्वालिटी विभागात काम पाहिले’. व्हर्नियर, मायक्रोमीटर, सीएमएम हे मापनयंत्र, ड्रॉइंग वाचणे, पीपीएपीची म्हणजे सुट्या भागांच्या मंजुरीची कागदपत्रे यांतला एकही शब्द कोठे नव्हता, आणि शोध घेणारा मनुष्य तर नेमके हेच शब्द टंकत असतो. प्रामाणिक माणूस हवा असे प्रत्येक मालकाला वाटत असले, तरी ‘प्रामाणिक’ हा शब्द घालून कोणी शोध घेत नाही.

‘‘पण मामा, ते तर त्या कामात सगळ्यांनाच येतं. त्यात लिहायचं काय?’’ असे ती म्हणाली.

या उत्तरात आपल्या घरांतले वळण आहे. आपल्या हातचे कौशल्य आपण होऊन उच्चारू नये, ते दुसऱ्याने ओळखावे, अशा संस्कारात वाढलेल्या मुलीला स्वतःच्या कामाची नेमकी नोंद करणेही आत्मप्रौढी वाटते. मला त्या संकोचाविषयी आदर आहे. तथापि चार वर्षे सीएमएमवर माप घेतले असे लिहिणे ही प्रौढी नसून साक्ष आहे. जे येत नाही ते मात्र तिने लिहू नये, हेही मी बजावले, कारण मुलाखतीत मायक्रोमीटर हातात दिला जातो.

बायोडेटा नव्याने लिहिला. सायबर कॅफेवाल्याने हौसेने काढून दिलेली चौकट व रकाने काढून टाकले, कारण अशा मांडणीत मजकूर उलटसुलट वाचला जाण्याचा संभव असतो. मुलाखतीसाठी आधी पैसे मागणाऱ्या कोणालाही उत्तर द्यायचे नाही, असे ठरले. दर सोमवारी सकाळी खाते उघडून त्या आठवड्यात केलेल्या कामाची एखादी ओळ घालण्याचे तिने कबूल केले.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या फोनवर एक अनोळखी क्रमांक दिसला आणि तिने तो उचलला नाही. अनोळखी क्रमांक घ्यायचा नाही, ही तिला आम्हीच घातलेली शिस्त होती. माझ्या बहिणीने स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन तिला उलट फोन लावायला लावला, तेव्हा पलीकडून रांजणगावच्या एका कारखान्यातल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘सीएमएम कुठलं हाताळलंय?’’