नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

सोसायटीच्या फॉर्मवर मुलाचं नाव, बँकेतल्या ठेवीवर पत्नीचं, डीमॅट खात्यावर मुलीचं घातलं की मागची निरवानिरव झाली, असं असंख्य कुटुंबं मानतात. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत मागे राहिलेल्यांना मोजावी लागते. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांच्या वतीनं ताबा घेणारा विश्वस्त असतो. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीसंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. शेअर असोत की म्युच्युअल फंड, नामनिर्देशनानं वारसाहक्काचा कायदा बाजूला पडत नाही.

यावर विचारलं जातं, मग संस्था नॉमिनीच्याच हाती सगळं का सोपवतात? कारण तसं केलं की त्यांची जबाबदारी संपते. मालकी कोणाची, हे ठरवणं त्यांचं काम नाही. महाराष्ट्राचा सहकार कायदाही आता गृहनिर्माण संस्थेतल्या नॉमिनीला, खरे हक्कदार सभासद होईपर्यंत, तात्पुरता सभासदच मानतो. समजा, डोंबिवलीतला स्वकष्टार्जित फ्लॅट मागे ठेवून एक हिंदू गृहस्थ मृत्युपत्राविना गेले. नॉमिनी मुलगा आहे. मागे पत्नी, आई आणि लग्न झालेली मुलगीही आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा. पुढे आईही मृत्युपत्राविना गेली, तर तिच्या हिश्शात तिची इतर मुलंही वाटेकरी होतात. म्हणजे त्या पत्नीला राहतं घर विकायचं झालं, तर दीर-नणंदांच्याही सह्या गोळा कराव्या लागतात. हे कोणाच्या हावेमुळे घडत नाही, एक कागद लिहायचा राहिल्यामुळे घडतं.

मृत्युपत्रानं घरात भांडणं लागतात, हा दुसरा आक्षेप. पण भांडण लागतं ते संदिग्धतेमुळे. कोणाला काय आणि का दिलं, हे स्वच्छ लिहिलेलं असेल तर संशयाला जागा कमी उरते. त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून मोकळं व्हावं, असंही सुचवलं जातं. मात्र बक्षीसपत्रानं मालकी हयातीतच जाते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानं परत मागता येते, पण त्यासाठी उतारवयात न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. मृत्युपत्र मात्र शेवटपर्यंत बदलता येतं.

आणि ते करणं सोपं आहे. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. कर्त्यानं दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर. या सह्यांत चूक झाली तर सगळाच कागद वाया जातो. साक्षीदार आपल्याहून तरुण आणि ज्यांना काही मिळणार नाही असे निवडावेत. नॉमिनीही जरूर लावावा, त्यानं पैसे लवकर हाती येतात. पण ते पैसे कोणाचे, हे मृत्युपत्रात आपणच लिहून ठेवावं. आपल्या माणसांवरच्या मायेचा तोही एक भाग आहे.