घुमकं कुणी वाजवलं?

मे महिन्यात कोल्हापूरच्या आमच्या पेठेतल्या तालमीचा वरचा हॉल रिकामाच पडलेला असतो. खाली हौद्यात लाल माती, वर गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि गुंडाळून ठेवलेल्या ताडपत्र्या. यंदा पोरांनी त्या ताडपत्र्या एका कोपऱ्यात रचल्या, फरशी धुतली आणि दहा दिवस तिथं सिनेमा शिकली. आठवी ते बारावीची पोरं-पोरी, सकाळी सात ते दहा, फी काही नाही. फोन ज्याच्या त्याच्या घरचा. शिकवायला आमच्याच गल्लीत वाढलेला एक तरुण, जो मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकांच्या सेटवर बूम धरतो. बूम म्हणजे लांब काठीला लावलेला माइक. दिवसभर तो डोक्यावर धरून उभा राहणाऱ्या या पोराला सेटवर कुणी सहसा विचारत नाही, पण सिनेमा कानानं कसा बघायचा हे त्याला ठाऊक आहे. म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी फोन बाजूला ठेवायला लावले आणि सगळ्यांना डोळे मिटून हौद्याच्या कडेला बसवलं.

मी त्या दिवशी सहज डोकावले होते, ती दहाही दिवस जात राहिले.

डोळे मिटल्यावर काय ऐकू आलं ते पोरांनी वहीत लिहिलं. माती उकरणारं फावडं. शड्डू. ओली माती अंगावरून खाली पडताना होणारा आवाज, ज्याला शब्द सापडला नाही म्हणून एकीनं नुसती रेघ ओढली. रस्त्यावरून दुधाच्या किटल्या गेल्या. आणि लांबून हलगी. कुठं तरी हळदीची मिरवणूक निघाली असावी. पोरांनी हलगीच्या पुढं काहीच लिहिलं नाही, कारण आमच्याकडं हलगी हा आवाज वाटतच नाही. ती असतेच.

पोरांना करायची होती सात-आठ मिनिटांची एक गोष्ट. तालमीत कुस्ती खेळायची हौस असलेली एक पोरगी, तिचा आजोबा जुना पैलवान, आणि पहाटे कुणी नसताना तिनं चुलत भावाबरोबर धरलेली पहिली कुस्ती. गोष्ट त्यांचीच, मोठ्यांनी सुचवलेली नाही. पहिली घासाघीस झाली ती संगीतावरून. एका पोरानं कुस्तीच्या प्रसंगाखाली गाजलेल्या हिंदी सिनेमातलं गाणं लावून आणलं होतं. ऐकायला जोरदार होतं. बूमवाल्यानं समजावलं की हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे, इंटरनेटवर चढवलं की आवाज बंद होईल नाहीतर सिनेमाच काढून टाकतील. मग पोरगं हिरमुसलं. ‘‘मग आपल्याला कोण वाजवून देणार?’’ असं म्हणालं.

तालमीपासून दोन गल्ल्या सोडून राहणारे हलगीवाले मामा दुसऱ्या दिवशी आले. बरोबर त्यांचा घुमकंवाला आणि कैताळवाला. हलगी, घुमकं, कैताळ हे आमच्याकडचं त्रिकूट. हलगी बोलते, घुमकं खालून हुंकार देतं, कैताळ दोघांना सांधतं. पोरांनी मामांना सांगितलं, ‘‘मामा, आम्हाला थोडं टेन्शनवालं वाजवा.’’ मामांनी हलगी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘‘आधी कुस्ती दावा. बघितल्याबिगर काय वाजवू?’’

हे ऐकून मला फार बरं वाटलं. खासबागच्या मैदानात, जे शाहू महाराजांनी 1912 साली बांधून घेतलं, हलगीवाला नेमकं हेच करतो. त्याची नजर मल्लांवर असते. खडाखडी चालू आहे तोवर चाल संथ, कुणी पट काढला की काडी धावायला लागते, डाव फसला की पुन्हा खाली. पुढं काय होणार हे त्याला ठाऊक नसतं आणि मागं जाऊन दुरुस्त करायचीही सोय नसते. सिनेमावाले ज्याला पार्श्वसंगीत म्हणतात ते कुस्ती बघून जागच्या जागी रचणारी ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या मैदानाच्या कडेला उभी आहेत. मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी पेटी-तबला घेऊन बसणारेही असेच चित्र बघून वाजवत. ती जागा आता थिएटरात उरली नाही. मैदानात अजून आहे.

हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं कुस्ती लावली, आवाज बंद. मामांनी एकदा नुसती बघितली. दुसऱ्यांदा वाजवली. आणि ऐन रंगात, भाऊ पोरीला खाली दाबून चीतपट करायला बघतो आणि ती मान ताठ करून पाठ मातीपासून उचलून धरते, तिथं त्यांनी हात थांबवला. घुमकं थांबलं, कैताळ थांबलं. पोरांना वाटलं चुकलं. एकजण म्हणालासुद्धा, ‘‘मामा, अजून संपली नाही.’’ मामा पडद्याकडं बघतच म्हणाले, ‘‘पोरीनं दम धरलाय. तितं आमी कशाला बोलायचं?’’

आठ-दहा सेकंदांची ती शांतता. त्यात प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येत होता. संकलनाला बसलेल्या पोरीनं नंतर तिथं कुस्तीच्या पहाटेच टिपलेला श्वास तेवढा ठेवला.

त्या संध्याकाळी बूमवाल्यानं पोरांना ‘कुंकू’मधला थोडा भाग दाखवला. 1937 सालचा प्रभातचा सिनेमा, व्ही. शांताराम यांचा. त्यात पार्श्वसंगीत म्हणून वेगळं काही नाही. भिंतीवरच्या घड्याळासारखे प्रसंगातलेच आवाज आहेत. जरठ-कुमारी विवाहात अडकलेल्या नीराची घुसमट त्या आवाजांनी सांगितली आहे. पोरं गुपचूप बघत होती. मामांचा थांबलेला हात आणि हे घड्याळ यांची सांगड त्यांनी आपसूक घातली, कुणाला उकलून सांगावी लागली नाही.

आता कोल्हापुरात राहून हे मी जरा अभिमानानं लिहिणार. प्रभात 1929 साली इथंच सुरू झाली, 1933 साली पुण्याला गेली. त्याआधी नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला. त्यांचे सहकारी दामले मदतीला होते. शांताराम पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत 1920 साली आले तेव्हा विशीतही नव्हते आणि मिळेल ते काम करत होते. म्हणजे वयानं आमच्या हॉलमधल्या थोरल्या पोरांहून फार मोठे नव्हते. पेंटरांचा ‘सावकारी पाश’ 1925 सालचा मूकपट. त्यातलं अंधारातल्या झोपडीचं आणि तिथं रडणाऱ्या कुत्र्याचं दृश्य जाणकार पुढं कैक वर्षं आठवत राहिले. मूकपटातलं कुत्र्याचं रडणं लोकांच्या कानात राहिलं, हे मी पोरांना सांगितलं तेव्हा शड्डूच्या आवाजावर वही भरणारी एक मुलगी एकदम ताठ बसली.

हलगी फोनवर टिपणं हे मात्र सोपं काम नव्हे. पहिल्या दिवशी समोर चार फुटांवर फोन धरला तर आवाज फाटला. ॲपमध्ये बघितलं तर लाटांची टोकं कात्रीनं कापल्यासारखी सपाट. फोन मागं नेत नेत पोरं हॉलबाहेर, जिन्यात, शेवटी गल्लीत पोचली. गल्लीच्या टोकाला, शंभरेक फुटांवर, दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून फिरून येणारी हलगी त्यांना फार आवडली आणि खरोखर ती सगळ्यांत सुंदर होती. मग मामांना गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. चित्र टिपणारा फोन मामांजवळ, आवाज टिपणारा दुसऱ्या टोकाला. पाटी नव्हती म्हणून एका पोरानं आवाजाच्या फोनपाशी उभं राहून टाळी वाजवली, ती लांबच्या चित्रातही दिसत होती, आणि नंतर टाळीला टाळी जुळवली. सगळं नीट जुळलं असं पोरांना वाटलं. मामांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘‘काडी पडत्या आदी, आवाज येतोय मागनं.’’

आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर फूट म्हणजे तीस मीटर, तेवढं अंतर कापायला त्याला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग लागतो. पोरांनी सेकंदाला 25 चौकटी लावल्या होत्या, म्हणजे काडी आणि आवाज यांत दोन चौकटींची फट पडली. ती फट मामांच्या डोळ्याला दिसली. टाळी हलगीपाशी वाजवायला हवी होती, म्हणजे टाळीचा आवाजही तेवढंच अंतर चालून आला असता आणि हिशेब जुळला असता. नववीतल्या पोरानं हे फरशीवर खडूनं मांडून सोडवलं. शाळेतलं ध्वनीचं प्रकरण त्याला यंदा पहिल्यांदा उपयोगी पडलं, असं तो मला सांगत होता.

आता ‘मोफत’ या शब्दाकडं येते, कारण माझा खरा जीव तिथं अडकला आहे. कार्यशाळा पोरांना मोफत असावी हे मला मनापासून पटतं. या पोरांपैकी कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई धुणीभांडी करते. फी ठेवली असती तर निम्मी आलीच नसती. पण मोफत म्हणजे कुणाच्या खिशातून, हे विचारलं पाहिजे. मे महिना ही लग्नसराई. वाजवणाऱ्यांची वर्षाची कमाई याच दिवसांत होते, आणि एक सकाळ म्हणजे एक सुपारी. तालमीच्या मंडळींनी सुरुवातीला ठरवलं होतं की कलाकारांचा शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. मी स्पष्ट सांगितलं, शाल नको, तिघांना सुपारीचे पैसे द्या. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेले होते, थोडे गल्लीतून जमले, आणि दिले. सत्कार हा पैशांचा पर्याय होऊ शकत नाही. आपल्याकडं कलाकाराला हार घालून रिकाम्या हाती घरी पाठवायची रीत आहे. हलगीच्या बाबतीत ती रीत अधिकच बोचते, कारण हलगी ज्यांच्या वाट्याला आली ते गावकुसाबाहेरचे होते. हलगीशिवाय ना देवाची पालखी निघाली ना कुस्ती रंगली, पण वाजवणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही. बक्षीस जिंकणाऱ्या मल्लाचं नाव पुकारलं जातं. हलगीवाल्याला ‘ए हलगीवाले’ म्हणतात.

आणि हे मी दुसऱ्यांना सांगण्याआधी माझंही सांगते. तीस वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी केलेल्या माहितीपटाचं निवेदन मी लिहिलं होतं. त्यात एका सनईवाल्यानं दोन रात्री वाजवलं. शेवटी नावांची यादी आली तेव्हा माझं नाव ठळक होतं, भाड्यानं दिवे पुरवणाऱ्या दुकानाचंही होतं. सनईवाल्याचं नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी बोलले नाही. नवखी होते, काम पुन्हा मिळावं असं वाटत होतं. आज त्या माणसाचं नाव आठवायचा प्रयत्न करते तर आठवत नाही.

म्हणून पोरांनी श्रेयनामावलीत ‘संगीत : हलगी पथक’ असं लिहून आणलं तेव्हा मी त्यांना थांबवलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली तेव्हापासून कला सादर करणाऱ्याला आपली ओळख नोंदली जाण्याचा हक्क आहे, हे त्यांना सांगितलं. मग पोरांनी एक पानी करारही लिहिला. हे वाजवणं याच सिनेमात वापरू, दुसरीकडं वापरायचं तर पुन्हा विचारू. खाली पोरांच्या सह्या, मामांची सही.

नाव विचारायला गेलेली पोरगी तासाभरानं परत आली. मामांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. आधी घुमकंवाल्याचं सांगितलं, वडिलांचं नाव आणि आडनावासकट, आणि ते बरोबर लिहिलंय का म्हणून वही हातात घेऊन बघितलं. मग कैताळवाल्याचं. मग ज्यांच्याकडं ते शिकले त्या चुलत्याचं, जे वारून वीस वर्षं झाली. ‘‘ते नसते तर मला कुटलं वाजवायला येतंय,’’ म्हणाले. शेवटी स्वतःचं. पडद्यावर चारही नावं आली, एकेक, वाचता येईल इतका वेळ. ती इथं छापत नाही. ज्याला वाचायची त्यानं पोरांचा सिनेमा बघावा.

तो गल्लीतच दाखवायचा ठरला होता, दोन विजेच्या खांबांना पांढरी चादर ताणून. संध्याकाळी साडेसहाला वळीव आला. चादर भिजली, खुर्च्या भिजल्या, सगळे पळत तालमीत शिरले. पाऊस थांबल्यावर लोक वर हॉलमध्ये चढायला लागले, पण मामा खालीच राहिले. सिनेमा सुरू व्हायच्या आधी हलगी वाजवायची होती आणि ओल्या हवेनं कातडं सैल पडलं होतं. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांचा जाळ केला आणि हलगी त्यावर फिरवायला लागले. मधूनच बोटानं टिचकी मारत. आधी आवाज बसका, मातीत ढेकूळ पडल्यासारखा. मग हळूहळू वर चढणारा.

ती शड्डूवाली मुलगी जाळाच्या पलीकडं उकिडवी बसली होती, हातात फोन.

‘‘हितं काय करतीयास? वर चालू हुईल की,’’ मामा म्हणाले.

‘‘मामा, बोलू नका. टिपतोय.’’

मामा गप्प झाले. हलगी त्यांनी जाळावरून आणखी एकदा फिरवली आणि कानाशी नेऊन टिचकी मारली.