हुंड्यात गेलेलं सोलापूर : किल्ला लक्षात राहिला, ज्यांच्या लग्नात तो मोजला त्या लेकी मात्र विसरलो

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. 'हा किल्ला चांदबीबीच्या लग्नात हुंडा म्हणून दिला होता.' रीलमध्ये ही ओळ छान बसते. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने किल्ल्याचे बुरूज दाखवायचे, मागे संगीत लावायचं आणि ही ओळ टाकायची. काम झालं.

माहिती खरी आहे, पण अर्धीच. हा किल्ला एकाच नव्हे, तीन लग्नांच्या बोलणीत आला. पहिल्यांदा कबूल करून दिला नाही. दुसऱ्यांदा खरोखर दिला. तिसऱ्यांदा मागितला आणि तेवढ्यासाठी नवरीचं लग्न अडवून ठेवलं. किल्ला तोच, घराणी तीच दोन. लेकी मात्र वेगवेगळ्या, आणि त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

सोलापूरच का?

बहमनी राज्य फुटल्यावर दख्खनमध्ये पाच शाह्या उभ्या राहिल्या. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही. म्हणजे आजचे विजयपुरा आणि अहिल्यानगर. सोलापूर या दोघांच्या मध्ये. विजापूर इथून साधारण १०० किलोमीटर, अहमदनगर त्याच्या दुपटीहून जास्त.

भीमा आणि सीनेच्या खोऱ्यातला हा मुलूख ज्याच्या हातात, त्याचं सैन्य दुसऱ्याच्या दाराशी. त्यात सोलापूर एकटं नव्हतं. त्याच्याबरोबर 'साडेपाच परगणे' यायचे, म्हणजे महसूलही. १५११मध्ये विजापूरच्या कमालखानाने सोलापूर जिंकून घेतलं आणि तिथून अहमदनगरच्या डोळ्यात हा किल्ला सलू लागला.

पहिलं लग्न : शब्द दिला, किल्ला नाही

१५२३-२४च्या सुमारास दोन्ही सुलतान सोलापुरात भेटले. विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाची बहीण बीबी मरियम हिचं लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी लागलं. नवरीबरोबर सोलापूर आणि साडेपाच परगणे द्यायचं ठरलं होतं.

लग्न झालं, वरात अहमदनगरला गेली. किल्ला मात्र विजापूरकडेच राहिला. आदिलशाहाने हात वर केले. थोड्याच काळात बुऱ्हाणने सोलापूरवर फौज आणली आणि हरला. तरी प्रकरण मिटलं नाही. १५५१च्या सुमारास विजयनगरच्या रामरायाची मदत घेऊन अहमदनगरने अखेर सोलापूर जिंकलं. पुढे विजापूरने ते परत मिळवण्यासाठी धडपड केली. एका न पाळलेल्या शब्दापायी ४० वर्षं हा मुलूख लढायांमध्ये भरडला गेला.

या सगळ्यात मरियम कुठे होती? अहमदनगरच्या जनानखान्यात. इतिहासकार फरिश्ता सांगतो की बुऱ्हाणने आमिना नावाच्या एका नर्तिकेशी लग्न करून तिला मुख्य राणी केलं. मरियमने भावाकडे तक्रार केली, भावाने अहमदनगरच्या वकिलाला सुनावलं आणि दोन दरबारांतली कटुता आणखी वाढली.

जरा कल्पना करा. माहेरने कबूल केलेलं दिलं नाही, म्हणून सासर नाराज. माहेर आणि सासर एकमेकांशी लढताहेत. आणि तिला राहायचंय सासरीच. ही गोष्ट ५०० वर्षांपूर्वीची आहे म्हणून लांबची वाटते. 'मानपान नीट झाला नाही' एवढ्यावरून आजही कितीतरी मुलींना जे ऐकावं लागतं, त्यातलीच ही एक, फक्त राजवाड्यातली.

दुसरं लग्न : थेट साटंलोटं

१५६४पर्यंत चित्र बदललं होतं. विजयनगरचा रामराया इतका प्रबळ झाला की एकमेकांचे वैरी असलेल्या सुलतानांना एकत्र येणं भाग पडलं. पण ४० वर्षांच्या वैरानंतर विश्वास कोण कोणावर ठेवणार? म्हणून हमी दोन्ही बाजूंनी घेतली.

अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली. अलीची बहीण हदिया सुलताना हुसेनचा मुलगा मुर्तझा याला दिली. आपल्याकडे याला सरळ साटंलोटं म्हणतात. तुमची लेक आमच्याकडे, आमची लेक तुमच्याकडे. आणि तेव्हा अहमदनगरच्या ताब्यात असलेला सोलापूरचा किल्ला चांदबीबीबरोबर हुंड्यात विजापूरला परत गेला. चांदबीबी त्या वेळी सुमारे १४ वर्षांची होती.

पुढचं माहीत आहेच. २३ जानेवारी १५६५ला तालिकोटची लढाई झाली, रामराया मारला गेला आणि विजयनगरचं वैभव संपलं. म्हणजे लग्नं 'यशस्वी' झाली म्हणायची का?

तेवढ्यापुरती, हो. कारण दोघांनाही एकच शत्रू दिसत होता. तो शत्रू गेला आणि काही वर्षांतच हे दोन मेहुणे धारूरच्या किल्ल्यावरून एकमेकांवर चालून गेले. एका बाजूला चांदबीबीचा नवरा, दुसऱ्या बाजूला तिचा भाऊ. हदियासाठी नेमकं उलट. हमी म्हणून दिलेल्या दोन्ही मुली आपापल्या जागी होत्या, तह मात्र जागेवर नव्हता.

मी इंजिनिअरिंग केलंय, त्यामुळे याकडे बघताना एक गोष्ट लगेच खटकते. ज्या भागावर काही नियंत्रणच दिलेलं नाही, त्याच्यावर संपूर्ण यंत्रणेचा भार टाकला, तर ती यंत्रणा कोसळणारच. दोष त्या भागाचा नसतो, रचनेचा असतो.

तिसरं लग्न : आधी किल्ला, मग निकाह

१५८०मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि त्याच्या सांभाळाची जबाबदारी चांदबीबीवर आली. दरबारातल्या किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. त्यातून ती सुटली आणि पुन्हा विजापूरला आली.

१५८४च्या सुमारास इब्राहिमच्या बहिणीचं लग्न अहमदनगरच्या मिरान हुसेनशी ठरलं. नवरीबरोबर चांदबीबीही माहेरी निघाली. आपल्या शब्दात सांगायचं तर पाठराखीण म्हणून. २० वर्षांपूर्वी ती स्वतः याच प्रकारे उलट दिशेने गेली होती.

अहमदनगरला पोहोचल्यावर मात्र तिथल्या सलाबतखान या वजिराने अट घातली. सोलापूरचा किल्ला द्या, तरच लग्नाचा सोहळा होईल. नवरी दारात आणि बोलणी किल्ल्याची. चिडलेल्या विजापूरने औशाच्या किल्ल्याला वेढा घातला. पुढे ज्या मिरान हुसेनशी हे लग्न ठरलं होतं, त्याने १५८८मध्ये स्वतःच्या बापाचा जीव घेतला आणि वर्षभरात तोही मारला गेला.

नगरजवळच्या डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. सगळे तिला 'चांदबीबीचा महाल' म्हणतात. प्रत्यक्षात ती याच सलाबतखानाची कबर आहे. किल्ल्यासाठी लग्न अडवणाऱ्या वजिराच्या थडग्याला आपण पाठराखिणीचं नाव देऊन बसलोय. आपण हा इतिहास किती लक्ष देऊन वाचतो, त्याचा हा नमुना.

जगात इतरत्र काय झालं?

हे फक्त दख्खनमधलं प्रकरण नाही. चीनमध्ये याची पद्धतच होती, तिला 'हे-छिन' म्हणतात. इसवी सनापूर्वी २००च्या सुमारास शिओंगनू या भटक्या टोळ्यांकडून मार खाल्ल्यावर हान सम्राटांनी त्यांना राजकन्या आणि भेटी पाठवायला सुरुवात केली. सम्राट सहसा स्वतःची मुलगी देत नसे. घराण्यातली दुसरी एखादी मुलगी निवडून तिला 'राजकन्या' पदवी द्यायची आणि पाठवायचं.

त्यातली चिएयू ही अशीच एक. तिच्या आजोबांनी सम्राटाविरुद्ध बंड केलं होतं, म्हणजे घराण्यातली नावडती शाखा. इसवी सनापूर्वी १०१मध्ये तिला मध्य आशियातल्या वूसुन लोकांकडे पाठवलं. तिथे तिला एकापाठोपाठ तीन राजांशी लग्न करावं लागलं. ५० वर्षं तिने तिथलं राजकारण सांभाळलं, शिओंगनूंविरुद्ध वूसुनांना चीनच्या बाजूने उभं ठेवलं. तिची सहकारी फंग लियाओ तर राजदूत म्हणून फिरायची. शेवटी 'मला माझ्या मातीत मरू द्या' अशा अर्थाची विनंती तिने केली आणि सत्तरीच्या आसपास ती मायदेशी परतली.

चिएयूच्या काळात युती टिकली, ती लग्न लागलं म्हणून नव्हे. तिने तिथे अर्धं शतक काम केलं म्हणून.

मग चांदबीबीचं काय?

हाच मुद्दा तिच्याकडे बघतानाही लागू होतो. १५९५च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने अहमदनगरला वेढा घातला. चांदबीबी तटबंदीवर उभी राहिली, हे आपण शाळेत वाचलंय. पण त्याच वेळी विजापूरहून सुहेलखानाची फौज मदतीला निघाली होती, हे कमी सांगितलं जातं. ती पाठवणारा इब्राहिम आदिलशाह म्हणजे तिने लहानपणी सांभाळलेला पुतण्या.

जे काम सोलापूरचा किल्ला देऊन झालं नव्हतं, ते तिने सासरी घालवलेल्या २० वर्षांनी केलं. मुरादने तह केला. वऱ्हाड गेलं, नगर वाचलं. चार वर्षांनी मुघल पुन्हा आले. या वेळी ती तहाच्या विचारात असताना फितुरीचा आरोप ठेवून तिच्याच लोकांनी तिला मारलं. पुरुष सुलतानांनी तह केला की ती मुत्सद्देगिरी असायची. तिने तहाचा विचार केला, तर ती गद्दारी ठरली. ती गेल्यावर काही दिवसांतच, ऑगस्ट १६००मध्ये, अहमदनगर पडलं.

आणि शेवटचं उदाहरण, पुन्हा सोलापूरचं

'निदान लग्नामुळे राज्य तरी वाचायचं ना?' असं कुणी म्हणेल. १६६८च्या तहात सोलापूर औरंगजेबाकडे गेलं. १६७९मध्ये विजापूरच्या सिकंदर आदिलशाहाची बहीण शहरबानू, लोकांची 'पादशाह बीबी', मुघल छावणीत रवाना झाली. औरंगजेबाचा मुलगा आझम याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं.

राज्य वाचलं का? १६८५मध्ये विजापूरला वेढा पडला, तेव्हा त्या वेढ्याचं नेतृत्व करत होता आझम. म्हणजे तिचाच नवरा. जून १६८६मध्ये औरंगजेब सोलापूरची छावणी हलवून स्वतः विजापूरकडे निघाला. सप्टेंबरमध्ये आदिलशाही संपली.

मुद्दा काय?

या लग्नांचा हिशोब मांडला तर दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली, तह गरज असेपर्यंत टिकतो. मुलगी दिल्याने तो एक दिवसही जास्त टिकत नाही. दुसरी, जिथे काही टिकलं, तिथे त्या बाईने स्वतःच्या अकलेने ते टिकवलं. अधिकार अपुरे असताना, आणि बहुतेकदा स्वतः किंमत मोजून.

तरीही आपण 'किल्ला हुंड्यात दिला' हे कौतुकाने सांगतो. जणू काही हुंडा मोठा असला की तो हुंडा राहत नाही. देशात हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१पासून आहे. पण 'घराणं तोलामोलाचं हवं', 'दोन घरं जोडली जातायत', 'व्यवहार लग्नाआधीच ठरवून घ्या' ही भाषा आजही लग्नाच्या बैठकीत असतेच. ती भाषा सुलतानांच्या वकिलांची आहे. फरक एवढाच की तेव्हा परगणे मोजायचे, आता फ्लॅट आणि गाडी.

किल्ला पाहायला जा, जरूर जा. रीलही करा. फक्त त्यात किल्ल्याबरोबर मरियम, हदिया आणि चांदबीबी ही तीन नावंही घ्या. आणि घरी पुढच्या वेळी लग्नाची बैठक बसेल, तेव्हा देण्याघेण्याच्या आधी एक प्रश्न विचारा. या सगळ्यात मुलीचा शब्द कुठे आहे? तो कुठेच नसेल, तर ते लग्न ठरत नाहीये, तह ठरतोय. आणि तहांचं काय होतं, ते सोलापूरच्या तटबंदीने तीनदा पाहिलंय.